‘टेक आउट’ आणि आपले ‘काढणे’

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे गाव. इथले आपले मूल घरात उर्दू बोलते, बाजारात अहिराणी ऐकते आणि बाहेरचा व्यवहार मराठीत करते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली. तीन भाषा सहज पेलणारे हे मूल या चौथ्या भाषेपाशी मात्र अडखळते. वर्गात आम्हाला त्याचे एक कारण वारंवार दिसते. ‘टेक’ म्हणजे घेणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर, हे त्याला पाठ असते. पण ‘टेक आउट अ लोन’ वाचले की ते विचारते, “सर, कर्ज बाहेर कसे घेतात?”

क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ तयार झाला की त्याला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड काय जाते, तर हीच जोडक्रियापदे, असे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे.

आता आपल्या घरातले एक क्रियापद घेऊ या : ‘काढणे’. आपण विहिरीतून पाणी काढतो, बँकेतून पैसे काढतो, दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढतो. कर्ज काढतो, विम्याची पॉलिसी काढतो. दुकानात भांडण झाले की घरी येऊन मुलांवर राग काढतो. याच सर्व जागी इंग्रज ‘टेक आउट’ म्हणतो. राग काढायचा असेल तर मध्ये फक्त ‘इट’ घालतो : ‘टेक इट आउट ऑन समवन’. म्हणजे जे मुलाला परके वाटते, ते त्याच्या आईच्या तोंडी रोज असते. उर्दूतले ‘निकालना’ही असेच : पानी निकालना, पैसे निकालना, गुस्सा निकालना.

पण दोन भाषांची सोबत शेवटपर्यंत नसते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. चित्र काढणे म्हणजे ‘ड्रॉ’. फोटो काढणे म्हणजे नुसते ‘टेक’. ‘टेक आउट द फोटो’ म्हटले तर समोरचा दप्तरातला फोटो बाहेर काढील. आई म्हशीचे दूध काढते, मुलगी शाळेचे नाव काढते, गरीब कसेबसे दिवस काढतो. इथे कुठेच ‘टेक आउट’ चालत नाही. आपण जकात काढतो, म्हणजे आपल्या मालातून हक्कदारांचा वाटा वेगळा करतो. इंग्रजीत मात्र जकात ‘गिव्ह’ किंवा ‘पे’ करतात.

उलट बाजूही आहे. कुणाला ‘टेक आउट’ करणे म्हणजे त्याला फिरायला, जेवायला नेणे. पण युद्धाच्या बातमीत त्याच शब्दांचा अर्थ ठार करणे किंवा उद्ध्वस्त करणे असा होतो. अमेरिकेतल्या हॉटेलावर ‘टेकआउट’ लिहिलेले असेल तर ते आपले ‘पार्सल’. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘टेकअवे’ म्हणतात. आणि एक नियम लक्षात ठेवावा : ‘टेक आउट द बुक’ आणि ‘टेक द बुक आउट’ दोन्ही बरोबर, पण ‘इट’ आले की ते मध्येच बसते : ‘टेक इट आउट’.

म्हणून वहीत ‘टेक आउट = काढणे’ अशी एक ओळ लिहून घेणे पुरेसे नाही. शब्द त्याच्या सोबत्यासह लिहावा : कर्जासोबत, दातासोबत, रागासोबत. अर्थ सोबतीने ठरतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले होते आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. व्यवहारासाठी दुसऱ्यांची भाषा शिकणे आपल्याकडे परके कधीच नव्हते.

“मला इंग्रजी येत नाही, मी काय शिकवू?” असे अनेक माता आम्हाला पालकसभेत म्हणतात. त्यांना आमची एकच विनंती आहे. संध्याकाळी स्वयंपाक करता करता ‘काढणे’ची पाच वाक्ये मुलाला सांगा. त्यांतल्या कोणत्या वाक्यांना ‘टेक आउट’ लागते आणि कोणत्यांना नाही, हे त्याला शोधू द्या. अडले तर सकाळी शिक्षकांना विचारू द्या. पुढच्या आठवड्यात ‘लागणे’ घ्या, मग ‘बसणे’. यासाठी लागणारी मराठी आणि उर्दू तुमच्याकडे भरपूर आहे.