फ्रीज बंद, फोडणीचा भात चालू?

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. २०२०च्या ऑगस्टअखेरीस इथं महापूर आला होता. पुरात वीज जाते आणि फ्रीजचं नुसतं कपाट होतं. दार उघडलं नाही तर साधारण ४ तास थंडावा टिकतो, बस्स! पावसात तुमच्या फ्लॅटमधली लाइट गेली तरी गणित हेच.

मग माठ? मी त्याची जबरदस्त फॅन आहे, पण मे महिन्यापुरती. विदर्भाच्या कोरड्या उन्हात पाझरलेलं पाणी झरझर उडतं, म्हणून माठ गार. ऑगस्टच्या दमट हवेत ते उडतच नाही. आणि भर उन्हाळ्यातही ओल्या गोणपाटात भाजी टिकेल, दूध नाही. त्याला ५ अंशांच्या खालीच ठेवावं लागतं. ५ ते ६० अंश हा जंतूंचा हक्काचा पट्टा.

खरी गोची भाताची. भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा, रात्रीचा भात सकाळी फोडणीला हे ठरलेलंच. पण बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही जगतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यानं सोडलेलं विष फोडणीनंही जात नाही. म्हणून शिजवलेलं २ तासांत संपवायचं, पारा ३२च्या वर असेल तर तासाभरात. लाइट नसेल तेव्हा मी एका वेळेपुरताच भात टाकते. मधल्या भुकेला मुरमुरे-फुटाणे आहेतच की!