सोनागाचीची ‘उषा’ : बचतीतून प्रतिष्ठेकडे

राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदाने समानतेचा हक्क दिला. तो व्यवहारात उतरण्यास मात्र कधी कधी साधे बचत खातेही निर्णायक ठरते. उत्तर कोलकात्यातील सोनागाची वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपाशी कमाई होती, परंतु ओळखीची कागदपत्रे नव्हती. साहजिकच बँकेचे दार बंद आणि सावकाराचे सताड उघडे, अशी त्यांची स्थिती होती.

१९९५ मध्ये त्यांनी ‘उषा’ ही बहुउद्देशीय सहकारी संस्था स्थापन करण्याचे ठरविले, तेव्हा सभासदाच्या नैतिक चारित्र्याविषयीची अट आडवी आली. ‘गृहिणी’ अशी नोंद करण्याचा सल्ला त्यांनी नाकारला. अखेर ती अटच दूर झाली आणि बचत व वाजवी व्याजाचे कर्ज त्यांना खऱ्या ओळखीनिशी उपलब्ध झाले.

पुढे कोलकात्यातील एका हत्येच्या खटल्यातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी अनुच्छेद २१ अन्वये त्यांचा सन्मानाने जगण्याचा हक्क अधोरेखित केला. पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता, नाको अथवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार कार्ड द्यावे व त्यावर व्यवसायाची कोणतीही खूण नसावी, असे निर्देश दिले.

खातेदाराची ओळख तपासणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. चारित्र्य तपासण्याचा अधिकार कायद्याने कोणत्याही काउंटरला दिलेला नाही.