बागेखालचं धरण

भोपाळच्या कमला पार्कात फिरायला येणाऱ्यांना ती तळ्याकाठची बाग वाटते. खरं तर ती काठावर नाही, धरणावर आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर घातलेला मातीचा बांध तो हाच. एका अंगाला बडा तालाब, दुसऱ्या अंगाला १७९४ सालचा छोटा तालाब.

'हजार वर्षं टिकलंय, आता काय होतंय?' मातीच्या धरणाची प्रकृती वयावरून कळत नाही. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा त्याचं काम पुरतं झालंही नव्हतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेही जेमतेम दोन दशकांचं. भरावावरून पाणी वाहू लागलं की माती काही तासांत कापली जाते. म्हणून जास्तीचं पाणी बाजूने काढून देणारा सांडवा भिंतीइतकाच मोलाचा. बड्या तालाबाचं हे काम १९६५ सालच्या भदभदा धरणाचे अकरा दरवाजे करतात. पातळी १६६६.८० फुटांवर पोचली की ते उघडतात. बातमी पाहून परगावचे नातेवाईक धास्तावतात, पण दरवाजे उघडणं ही धरण फुटायला आल्याची नव्हे, ठरल्याप्रमाणे चालल्याची खूण आहे. जपायचं ते खालच्या नदीपात्रात असलेल्यांनी.

'पाणी पाझरतंय म्हणजे गेलंच!' असंही नाही. मातीचं प्रत्येक धरण थोडंफार पाझरतं. छोट्या तालाबाला तर बड्या तालाबाचा पाझर मिळतोच. पाहायचं ते पाण्याचा रंग आणि वेग. नितळ, बारमाही सारखाच पाझर सहसा निरुपद्रवी. तोच गढूळ झाला किंवा एकाएकी वाढला, तर आतली माती वाहून चालली आहे. भरावात पोकळी तयार होते, वरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस माथा खचतो.

झाडांची मुळं बांध धरून ठेवतात, हा समज सर्वांत लाडका. गवत धरून ठेवतं, हे खरं. मोठं झाड मेलं की त्याची मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. उंदीर-घुशींच्या बिळांचंही तेच. तिवरे फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि महाराष्ट्र हसला. बिळं धरणाला घातक असतातच. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, तेव्हा एकट्या खेकड्यांना दोषी धरणं जरा जास्तच झालं.

'सरकार तपासत असेलच.' धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लांबी, साठा अशा काही अटींवर. त्याहून बुटके असंख्य गावतलाव, जिथे आपण डबे घेऊन सहलीला जातो, या कायद्याच्या बाहेरच राहतात. तिथे उताराच्या पायथ्याशी नवी ओल, माथ्यावर लांबट भेग किंवा सांडव्यात भरलेला कचरा दिसला, तर फोटो काढून त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा.