बघणारा, पाठवणारा आणि कलम ६३
कायदा रोजच्या जगण्यातला : लेखांक ९

ऑगस्ट २०१६ मध्ये भारतातल्या अनेकांच्या मोबाइल आणि संगणकाच्या पडद्यावर एक दरडावणारा मजकूर झळकू लागला. फुकट सिनेमे देणाऱ्या एखाद्या बंद केलेल्या साइटचा पत्ता टाकला की सिनेमाऐवजी इशारा यायचा. ही साइट सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशानुसार बंद केली आहे. इथली बेकायदा प्रत पाहणे, डाउनलोड करणे, दाखवणे किंवा तिच्या प्रती काढणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. दोन दिवसांत बातम्या झाल्या, 'नुसती साइट उघडली तरी तुरुंग'.

या इशाऱ्यात दोन चुका होत्या. कॉपीराइट कायद्यात दंडाची कमाल मर्यादा दोन लाख आहे, तीन नाही. दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती मुंबई उच्च न्यायालयात उघडी पडली. 'ढिशूम' या चित्रपटाच्या निर्मात्यांनी चोरट्या प्रतींविरुद्ध दाद मागितली होती. त्या सुनावणीत न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की, गुन्हा प्रत पाहण्यात नाही; ती इतरांना वाटणे, लोकांसमोर दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे यात गुन्हा आहे. इशाऱ्याचा मजकूर बदलावा, असेही त्यांनी सुचवले.

चित्रपटाचा कॉपीराइट निर्मात्याकडे असतो आणि तो प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, हे मागच्या लेखांकात आले आहे. या वेळी प्रश्न आहे तो हक्क मोडणाऱ्याचे काय होते, हा. नुकसानभरपाईचे दिवाणी दावे बाजूला ठेवू. इथे विषय फक्त फौजदारीचा, म्हणजे एफआयआर, जप्ती, अटक आणि शिक्षेचा.

फौजदारीचा कणा म्हणजे कॉपीराइट कायदा, १९५७ मधले कलम ६३. कॉपीराइटचे उल्लंघन जाणूनबुजून करणाऱ्याला किंवा त्याला साथ देणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय किमान ५० हजार आणि कमाल दोन लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा सापडला तर कलम ६३-क लागते : किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दंड.

हे आकडे आले कुठून? १९८४ साली. तो व्हीसीआरचा जमाना होता. गल्लीबोळांत व्हिडिओ पार्लर निघाले होते, नवा सिनेमा थिएटरला लागतो न लागतो तोच त्याच्या कॅसेटी भाड्याने मिळत होत्या. निर्मात्यांनी आरडाओरड केली आणि संसदेने शिक्षा वाढवली. त्या काळी ५० हजार म्हणजे पार्लरवाल्याचे कंबरडे मोडणारी रक्कम. कॅसेट गेली, सीडी गेली, पेन ड्राइव्हही मागे पडला. कलम ६३ मधला दंड मात्र तेवढाच राहिला.

अनेकांचा समज असतो की, पैसे घेतले नाहीत म्हणजे गुन्हा नाही. हा समज साफ चुकीचा आहे. नफा हा कलम ६३ मधल्या गुन्ह्याचा घटकच नाही. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल, तर न्यायाधीश निकालपत्रात खास कारणे नोंदवून सहा महिन्यांपेक्षा कमी कैद किंवा ५० हजारांपेक्षा कमी दंड देऊ शकतात, एवढीच सवलत आहे. म्हणजे 'मी कुठे पैसे घेतले' हा युक्तिवाद शिक्षा कमी करण्यासाठी उपयोगी पडेल, सुटण्यासाठी नाही. लिंक टाकली पण कुणी उघडलीच नाही, ही सबबही चालत नाही. लोकांना पाहता येईल अशा रीतीने कलाकृती उपलब्ध करून देणे पुरेसे आहे; प्रत्यक्षात कुणी पाहिली का, हे कायदा विचारत नाही.

टॉरेंट वापरणारे नेमके इथे अडकतात. त्यांना वाटते की, आपण फक्त सिनेमा उतरवून घेत आहोत. पण टॉरेंटची रचनाच अशी की, फाइलचा जेवढा भाग तुमच्याकडे आला तेवढा त्याच वेळी तुमच्या संगणकातून दुसऱ्यांकडे जाऊ लागतो. घेणारा नकळत देणारा होतो. अर्थात कलम ६३ ला 'जाणूनबुजून' लागते, त्यामुळे वकिलाला बोलायला जागा उरते. पण तोवर संगणक पोलिसांच्या ताब्यात गेलेला असतो. कलम ६४ नुसार उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवण्याची सामग्री जप्त करू शकतो.

अटकेचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे लटकला होता. पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना तपास सुरू करू शकतात का, जामीन हक्काने मिळतो का, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या शेवटी जोडलेल्या एका तक्त्यावरून ठरत असे. तक्त्यातली एक ओळ सांगते, शिक्षा तीन वर्षे ते सात वर्षे असेल तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. खालची ओळ सांगते, तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र. आता कलम ६३ मधली शिक्षा आहे 'तीन वर्षांपर्यंत'. ती कोणत्या ओळीत बसवायची? आंध्र प्रदेश आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ती खालच्या ओळीत बसवली. केरळ, गुवाहाटी आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वरच्या. एकाच कृत्यासाठी एका राज्यात जामीन हक्काचा आणि दुसऱ्या राज्यात न्यायाधीशांच्या मर्जीचा, अशी अवस्था होती.

हा तिढा सोडवला तो विणकामाच्या सुया बनवणाऱ्या एका कंपनीने. 'निट प्रो इंटरनॅशनल'ने आपल्या कॉपीराइटबाबत केलेली फिर्याद दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली होती. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० मे २०२२ रोजी न्या. एम. आर. शहा आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने निर्णय दिला : कमाल शिक्षा तीन वर्षे होऊ शकते, म्हणून कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सुयांच्या त्या खटल्याने सिनेमाच्या लिंका वाटणाऱ्यांचेही भवितव्य ठरले. दखलपात्र म्हणजे लगेच बेड्या, असे मात्र नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज पोलिसांना कारणांसह नोंदवावी लागते. एरवी नोटीस देऊन चौकशीला बोलावण्याची तरतूद जुन्या संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

कॅसेटच्या काळातल्या दंडाची उणीव २०२३ मध्ये दुसऱ्या कायद्याने भरून काढली. त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि थिएटरात कॅमेरा लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. चोरटी प्रत बनवण्याच्या किंवा पाठवण्याच्या हेतूने चित्रपटगृहात दृकश्राव्य चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षे कैद. दंड किमान तीन लाख रुपये, आणि वरची मर्यादा चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्के. शंभर कोटींच्या सिनेमात ही मर्यादा पाच कोटींवर जाते.

या तरतुदीतले तीनच शब्द सर्वसामान्य प्रेक्षकाने नीट वाचायला हवेत : 'किंवा त्याचा भाग'. पूर्ण सिनेमा चोरला पाहिजे असे नाही. नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या पडत असताना मोबाइल वर करून घेतलेला तुकडा व्हॉट्सॲप स्टेटसला किंवा रीलमध्ये टाकणारा प्रेक्षकही या कक्षेत येऊ शकतो. असा प्रत्येक जण तुरुंगात जाईल, असे कुणी म्हणत नाही. पण 'अर्ध्या मिनिटाचा तर व्हिडिओ' हा बचाव कायद्याने आगाऊच कमकुवत करून ठेवला आहे.

चोर सापडतो कसा? डिजिटल सिनेमाच्या प्रत्येक खेळात चित्रामध्ये डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळलेली असते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेल्या मानकानुसार ही खूण ३५ बिटांची असते : १९ बिट प्रोजेक्शनच्या यंत्रणेची ओळख सांगतात, १६ बिट वेळ. दर पाच मिनिटांच्या चित्रात ती पुन्हा येते. पडद्यावरून मोबाइलने तिरके, हलते, अंधूक चित्रण केले तरी ती त्यात उतरते. मग इंटरनेटवरची प्रत तपासली की कोणते थिएटर, कोणता दिवस आणि साधारण कोणता खेळ हे कळते. पुढचे काम सीसीटीव्ही आणि तिकिटांच्या नोंदी करतात.

कधी खूण उघड्या डोळ्यांनाही दिसते. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टॉरेंटवर आला. सेन्सॉरशी झालेली लढाई मुंबई उच्च न्यायालयात जिंकून हा चित्रपट नुकताच बाहेर पडला होता. फुटलेल्या प्रतीच्या कोपऱ्यात सेन्सॉरसाठीच्या प्रतीची खूण तशीच होती. मुंबईच्या सायबर पोलिसांनी दिल्लीतून एका तरुणाला पकडले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या हंगामाचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला आणि त्यावर 'स्टार इंडिया'ची मुद्रा होती. अमेरिकी मालिका जगभर फुटली ती भारतातून! व्हिडिओ साठवण्याचे काम करणाऱ्या कंपनीशी संबंधित आजी-माजी कर्मचारी मिळून चौघांना अटक झाली. अशा प्रकरणांत कॉपीराइटबरोबरच माहिती तंत्रज्ञान कायदा आणि विश्वासघाताची कलमेही लागतात, म्हणून नोकरीतल्या माणसाची फूट बाहेरच्या चोरापेक्षा महागात पडते.

महाराष्ट्रात याहूनही जड हत्यार आहे. झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ मध्ये केलेल्या एमपीडीए कायद्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरट' ही वर्गवारी घातली गेली. त्यामुळे सराईत पायरसी करणाऱ्याला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीची ही कैद आहे, आणि सिनेमाच्या चोरीसाठी ती असावी का, हा प्रश्न रास्त आहे.

आजचा मोठा बाजार टेलिग्रामवर भरतो. तिथे सिनेमांइतकीच स्पर्धा परीक्षांची व्याख्यानेही विकली जातात. हजारो रुपयांचा कोर्स शे-दोनशे रुपयांत देणारी चॅनले कुठल्याही अभ्यासिकेत माहीत असतात. इंग्रजीच्या प्रसिद्ध शिक्षिका नीतू सिंग यांची व्याख्याने अशीच फिरू लागली, तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथल्या कायद्याने माहिती देता येत नाही, असे टेलिग्रामने सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. त्यानंतर कंपनीने चॅनल चालवणाऱ्यांची नावे, फोन क्रमांक आणि आयपी पत्ते बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिले. टोपणनावामागे लपलो की सुटलो, हा भरवसा त्या लिफाफ्याने संपवला.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला मात्र थोडा दिलासा आहे. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा संगनमत दाखवावे लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये म्हटले. ते प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, पण तर्क तोच लागू पडतो. 'रोज नवा सिनेमा' या नावाने ग्रुप काढणाऱ्या ॲडमिनला तो उपयोगी पडणार नाही, हे उघड आहे.

परीक्षण, टीका, संशोधन आणि वैयक्तिक वापर यांना कलम ५२ संरक्षण देते. चित्रपटावर बोलताना मोजकी दृश्ये दाखवणारा समीक्षक चोर नाही. पण परीक्षणाच्या नावाखाली अख्खी कथा दृश्यांसह दहा मिनिटांत उरकणारे व्हिडिओ वेगळे. जपानमध्ये अशा 'फास्ट मूव्ही' बनवणाऱ्या तिघांना सेंदाईच्या न्यायालयाने २०२१ मध्ये दोषी ठरवले. जपान आणखी एका बाबतीत कडक आहे : चोरटा व्हिडिओ नुसता डाउनलोड करणेही तिथे २०१२ पासून फौजदारी गुन्हा आहे. भारताने ती वाट धरलेली नाही.

आणि ते योग्यच झाले. ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशनच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातले ५१ टक्के प्रेक्षक चोरटा मजकूर पाहतात, आणि २०२३ मध्ये या बाजाराचा आकार २२,४०० कोटी रुपयांचा होता. निम्म्या प्रेक्षकांना आरोपी करणारा कायदा अमलात आणता येत नाही, तो फक्त निवडक लोकांवर उगारता येतो. फौजदारीचा धाक रेकॉर्ड करणाऱ्यावर, फोडणाऱ्यावर आणि वाटणाऱ्यावर राहावा, हेच शहाणपणाचे.

वाचकांसाठी म्हणून एवढेच : थिएटरात मोबाइल खिशात ठेवा आणि आलेली लिंक पुढे ढकलू नका. चोरटी प्रत दिसली तर तक्रारीची सोयही झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्वतःकडे आणि सेन्सॉर मंडळात मिळून बारा नोडल अधिकारी नेमले. त्यांनी आदेश दिल्यावर ४८ तासांत ती प्रत संबंधित मंचाला उतरवावी लागते, आणि तक्रार करण्यासाठी निर्माता असण्याची अट नाही.

(पुढील लेखांकात : लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी आणि परवान्याचा वाद)