अडलेले चक्र

खंडेनवमीला मामांच्या घरी पाटावर कोयता, विळे, ट्रॅक्टरचे पाने, मुलांच्या कंपासपेट्या आणि त्यांच्या शेजारी तांबड्या फडक्यावर मामांचे रिव्हॉल्व्हर, असा थाट असतो. (आपण सरसकट पिस्तूल म्हणतो; पण ज्यात गोळ्यांचे चक्र फिरते ते रिव्हॉल्व्हर.) कोल्हापूरजवळ मळ्यात एकटे घर, म्हणून फार वर्षांपूर्वी परवाना काढून मामांनी ते जुनेच विकत घेतले होते.

२०२४ च्या दसऱ्याला मी तिथे होतो. मामा पूजेसाठी ते पुसायला बसले आणि चक्र फिरेना. बाजूला उघडेनाही. "रिकामंच आहे," म्हणत मामा जोर लावू लागले. काय अडकलंय ते बघायला त्यांचा नऊ वर्षांचा नातू समोर आला आणि थेट नळीत डोकावला. मामीने त्याला दंडाला धरून मागे खेचले.

रिकामे आहे हे मामा कशावरून म्हणत होते? आठवणीवरून. चक्र उघडत नाही तोवर दुसरा खात्रीचा पुरावाच नसतो. मागच्या फटीतून काडतुसांच्या कडा दिसू शकतात. पण सगळी घरे नजरेत येत नाहीत आणि काही नमुन्यांत त्या कडा चक्रातच बुडालेल्या असतात. बंद पडलेला पंखा कुणाला इजा करत नाही. अडकलेल्या रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. उघडता येत नसेल तर ते भरलेलेच समजायचे, तोंड कुणाकडेही करायचे नाही, बोट चापाजवळ न्यायचे नाही आणि हातोडी-पकड तर आणायचीच नाही. दुरुस्तीही कुणाकडून करून घेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्या कामाला वेगळा परवाना लागतो.

दसरा झाल्यावर मामा परवाना खिशात घालून अशा कारागिराकडे गेले. मी सोबत होतो. त्याने रिव्हॉल्व्हरचे तोंड वाळूच्या पेटीकडे केले, सांध्यांत पातळ तेलाचे थेंब सोडले आणि आम्हाला चहा पाजला. घाईला इथे जागा नाही, हे त्याने न सांगता सांगितले.

मग त्याने नळीखालची बारीक दांडी दाखवली. चक्र उघडल्यावर ती मागे दाबली की काडतुसे बाहेर येतात. ही दांडी आट्यांवर बसवलेली असते. आट्या सैल झाल्या की ती किंचित पुढे येते, पुढच्या खिळीला टेकते आणि मग खटका कितीही दाबला तरी चक्र सुटत नाही. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र मागून पाहिल्यास घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. त्यामुळे सरळ आट्यांची दांडी वापरता वापरता सैल होऊ शके. म्हणून १९६१ च्या सुमारास कंपनीने आट्याच उलट्या केल्या. सायकलचे डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, त्यामागेही हाच हिशेब आहे. पकड लावून दांडी भलत्या दिशेला पिळली तर आट्या मरतात, म्हणून आधी त्या कोणत्या हे बघायचे.

मामांच्या रिव्हॉल्व्हरची दांडी सैल होतीच. कारागिराने पोलादाची पातळ पट्टी सारून खिळी दाबली आणि चक्र बाहेर आले.

सहापैकी दोन घरांत काडतुसे होती.

जूनमध्ये विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. त्या आठवड्यात मामांनी ते भरून उशाशी ठेवले होते. पुढे काडतुसे काढली, पण सगळी निघाली नव्हती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाकीचे निदान साधे होते. चक्राच्या मागे चांदणीच्या आकाराची चकती असते. तिच्याखाली न जळलेल्या दारूचे खसखशीएवढे कण अडकले तरी चक्र घासू लागते. तिथे दात घासायचा जुना ब्रश पुरतो. चक्र आणि नळी यांच्यातली फट साधारण दोन केसांच्या जाडीची, त्यामुळे काजळीचा थरही नडतो. चक्राचा आस मात्र मध दाटावा तसा चिकट झाला होता. तेल कोणते घालता, असे विचारल्यावर मामांनी स्वयंपाकघरातले सांगितले: करडईचे. करडईचे तेल हवेत सुकून घट्ट होते. म्हणून तर ते चित्रकारांच्या रंगांत चालते. बंदुकीला बंदुकीचेच तेल, तेही दोन थेंब. आणि ते चामड्याच्या म्यानात ठेवून कपाटात कोंडायचे नाही. चामडे पावसाळ्यातली ओल धरते आणि गंज येतो.

जुने रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने, ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, चक्र उघडून हाताने सावकाश फिरवावे. एकाच जागी अडत असेल किंवा दांडी फिरताना डुगडुगत असेल, तर ती वाकलेली असण्याचा संभव आहे. सिनेमातला नायक मनगटाला झटका देऊन चक्र बंद करतो. त्या ऐटीने चक्राचा आधार वाकतो. असले रिव्हॉल्व्हर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि हत्यार ठाण्यात जमा करण्याची वेळ आली. निघण्यापूर्वी मामांनी चक्र उघडून सहाही घरे मला दाखवली, मग मामीला. नातू शाळेत गेला होता. तो येईपर्यंत मामा ओट्यावर थांबून राहिले.