फुटाला इंच

बाहुलीचं घर बांधायचं असेल तर सगळ्यांत आधी मुलीच्या हाताचं माप घ्यावं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माझ्या सहा वर्षांच्या भाचीचं ते माप साडेअकरा इंच भरलं, आणि घर आत किती जायचं ते तिथेच ठरलं: १२ इंच. त्याहून आत असलेल्या कोपऱ्यात मूल हात घालतं तेव्हा कोपर चौकटीला अडतं, पुढचं सामान कोलमडतं, आणि मग तो कोपरा खेळातून कायमचा बाद होतो.

मापाचं प्रमाण मी जगभर रुळलेलंच धरलं: फुटाला इंच. आपल्याकडच्या सुतारांना ते समजावून सांगावं लागत नाही. प्लाय मिलिमीटरमध्ये मिळत असलं तरी त्यांचा हिशेब अजून फूट, इंच आणि सुतात चालतो. आठ सुतांचा एक इंच. ९ मिलीचं प्लाय म्हणजे जवळजवळ ३ सूत. या प्रमाणात ती साडेचार इंची भिंत झाली, आपल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांच्या मध्ये असते तेवढी. १८ मिलीचं प्लाय घेतलं तर नऊ इंची, पुऱ्या विटेची भिंत. बाहेरच्या भिंती तशा जाड असायला हव्यात हे मला पटत होतं, पण वजन बरंच वाढलं असतं आणि झाडताना घर सरकवायला दोन माणसं लागली असती. म्हणून सगळीकडे ९ मिलीच घेतलं.

भाचीकडे बार्बी आहे. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे या घरात ती साडेअकरा फुटी बाई. तिच्या मापाने घर बांधायचं तर एकेक मजला दीड फुटाचा होतो आणि घर कपाटाएवढं. त्यामुळे राहायला कापडी बाहुल्या आल्या, पाच-साडेपाच इंचांच्या, भाचीच्या आजीने जुन्या इरकलीतून शिवलेल्या. बार्बी पाहुणी म्हणून येते आणि ओटीवर बसते.

जगातली नावाजलेली बाहुलीघरं मुलांसाठी नव्हतीच. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईचं सतराव्या शतकाच्या शेवटी घडवलेलं घर आहे. तो तिचा स्वतःचा शौक होता. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे घर बांधलं त्याचा वास्तुविशारद एडविन लट्येन्स, नवी दिल्लीचा आराखडा करणारा. तेही फुटाला इंच याच प्रमाणात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं. आज ते विंडसर किल्ल्यात आहे. कारागिरी म्हणून या घरांपुढे मान लववावी अशीच ती आहेत. पण ती डोळ्यांसाठी आहेत. मुलाचं घर हातासाठी असतं, आणि या एका गोष्टीने सांध्यापासून रंगापर्यंतचे सगळे निर्णय बदलतात.

बाजारात जी तयार घरं मिळतात त्यांत धुराड्याची शेकोटी असते, गुलाबी जिना असतो. मी कोकणातलं घर घेतलं. पुढे खांबांची ओटी, मधे माजघर, एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, वर माळा. मुलीचं आजोळ तसं आहे. उंबरठा ओलांडताना पाय उचलायचा हे तिच्या पायाला ठाऊक आहे. लांबी ३६ इंच, भिंती ९ इंच उंच, ओटीची बाजू बांधलेली आणि मागची बाजू पूर्ण उघडी.

प्लाय आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून कापून घेतलं. कडा सरळ हव्या असतील तर हे काम हाताच्या करवतीने करू नये, असं माझं मत आहे. खिळे घेऊन गेले तेव्हा त्यांनी थांबवलं. म्हणाले, "ताई, प्लायच्या कडेत खिळा मारू नका, ते पुस्तकासारखं उघडतं." प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, कडेतून शिरलेला खिळा त्या थरांना एकमेकांपासून सुटं करतो. शिवाय मूल घराशी खेळताना घरावर रेलतं, आणि नुसती टेकवून चिकटवलेली भिंत त्या रेट्याने हलायला लागते. म्हणून जमिनीच्या फळीत दीड सूत खोल खाचा पाडल्या आणि भिंत त्यांत बसवली. खाचेत फेव्हिकॉलला तिन्ही बाजूंनी लाकूड मिळतं. भिंत आधी कोरडीच बसवून पाहायची. हाताच्या दाबाने जाईल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही, इतपत घट्ट. मग गोंद, वर शिकंजे, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

शिकंजे आवळण्याआधी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहावं लागतं. गुण्या एकेक कोपरा दाखवतो. पूर्ण चौकटीसाठी फितीने दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले की चौकट गुण्यात. एक कर्ण सुताने जरी मोठा निघाला तरी त्याच दिशेने हलका दाब देऊन तो जागेवर आणता येतो, गोंद ओला असेपर्यंत. वाळल्यावर काही करता येत नाही.

दारं हा या कामातला सर्वांत रसाळ भाग. दागिन्यांच्या डब्यांना लावतात तशा पितळी बिजागऱ्या मिळतात, दिसायलाही सुरेख. पण त्यांचे स्क्रू जेमतेम दीड सूत आत जातात आणि मुलाने दार उलट्या बाजूला ओढलं की निखळतात. जुन्या घरांच्या दारांना बिजागरी नसायची. फळीलाच वर आणि खाली दांडा ठेवलेला असे, तो उंबरठ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या भोकात फिरे. तेच केलं. सहा इंच उंच, तीन इंच रुंद दार, दांड्याच्या जागी तारेचे तुकडे. चौकट चिकटवण्याआधीच दार आत घ्यावं लागतं, मागाहून ते जात नाही. भोवती अर्धा सूत मोकळं ठेवलं, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. ज्यांनी शेकडो वर्षं दारं केली त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला होता. त्याचं उत्तर बोटभर दारातही तितकंच चालतं, याचा मला फार आनंद झाला.

छपरासाठी अर्ध्या इंचाची अर्धगोल टीक पट्टी आणली. ती ओळीने शेजारी शेजारी चिकटवली की नळीच्या कौलांचं छप्पर दिसतं. मंगलोरी कौलं एकेक कापून लावता आली असती, पण खरी मंगलोरी कौलं आपल्याकडे १८६५ नंतरची, बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासूनची. नळीचं कौल त्याहून जुनं, आणि मुलाच्या हाताखाली न सुटणारं. मागचा उतार नुसता ठेवलेला आहे, उचलून बाजूला काढता येतो. बिजागरीवर उघडणारं झाकण बोटांवर पडतं.

रंगाच्या बाबतीत कुणीही घाई करू नये. मूल लहान असेल तर घराचा कोपरा तोंडात जाणार हे धरूनच चालावं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांच्या खाली असावं असा नियम २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून लागू झाला. कोपऱ्यात पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो. तो वापरू नये. भिंतींना मी लाख लावली. लाखेचा चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, मलमलीत कापूस गुंडाळून पातळ हात फिरवायचा. स्पिरिट विषारी आणि पेट घेणारं, म्हणून हे काम मूल घरात नसताना, खिडक्या उघड्या टाकून. वाळल्यावर स्पिरिट उडून जातं, उरते ती लाख, औषधांच्या गोळ्यांवर असते तीच. कौलांना गेरू दिला, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून, आणि वरून लाखेचा हात, म्हणजे बोटांना लागत नाही.

रंगाआधी पॉलिश पेपर, क्रमाने ८०, १२०, २२० नंबरचा. शेवटी शिफॉनच्या ओढणीचा तुकडा प्रत्येक कडेवरून फिरवायचा. धागा अडकेल तिथे कुसळ आहे.

घर दिलं तेव्हा भाचीने मागच्या बाजूने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "आत्या, संडास कुठाय?" कोकणातल्या जुन्या घरात तो परसात, घरापासून दूर. तो वेगळा खोका करून दिला. देवघर म्हणून मी जी खोली आखली होती तिथे तिने शाळा भरवली आणि देव माळ्यावर नेले. स्वयंपाकघरात तिचा भातुकलीचा पितळी बंब आला, या मापाने छताला टेकेल एवढा मोठा. तिला त्याची काहीही अडचण नाही. म्हणूनच खोल्या मी रिकाम्या दिल्या होत्या, भिंतीत बसवलेलं एकही सामान नाही.

हे वाचून कुणी घर करायला घेणार असेल तर एवढं सांगते. दिवे बसवू नका. त्यांना लागणारे बटणासारखे सेल पोटात गेले तर जिवावर बेततं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल अशी एकही सुटी वस्तू ठेवू नका. फर्निचर विकत आणू नका. कापताना उरलेले तुकडे घासून, एका पिशवीत भरून घरासोबत द्या.