चिंता देवावर सोपवायची म्हणजे नेमके काय करायचे?

‘सगळं देवावर सोपव’ हा सल्ला ख्रिस्ती घरात लहानपणापासून कानावर पडतो. पाळकसाहेब तो देतात, फादर देतात, आजारपणात भेटायला आलेल्या मावशीही देतात. सल्ला खराच आहे. पण ज्याची छाती धडधडते आहे, त्याला पुढचा प्रश्न पडतो: सोपवायचं म्हणजे करायचं काय? डोळे मिटून हात जोडले तरी तोच विचार फिरून फिरून येतो. मग आणखी एक टोचणी सुरू होते की आपला विश्वासच कमी पडत असेल.

पवित्र शास्त्राने हा प्रश्न वाऱ्यावर सोडलेला नाही. पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, जेमतेम सहा-सात वचनांत, चिंता सोपवण्याची रीत क्रमाने सांगितली आहे. स्तोत्रसंहिता आणि येशूचे डोंगरावरील प्रवचन शेजारी ठेवून वाचले, तर प्रत्येक पायरीचे काम काय ते कळू लागते.

पत्र कोणी, कुठून लिहिले

फिलिप्पै हे मासेदोनियातले शहर. पौल आणि सीला यांना तिथेच फटके मारून आतल्या कोठडीत टाकले होते आणि पाय खोड्यात अडकवले होते. पुढे त्याच शहरातल्या विश्वासणाऱ्यांना हे पत्र लिहिताना पौल पुन्हा बंदिवासात होता. सुटका होईल की मरण येईल, हे त्याला ठाऊक नव्हते आणि पहिल्याच अध्यायात तो ते उघड लिहितो.

दुसऱ्या अध्यायात इपफ्रदीत नावाच्या सोबत्याची हकिकत येते. तो मरणाच्या दारातून परतला होता. त्याला घरी पाठवले की माझे दुःख हलके होईल, असे पौल सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज घेरते, अशी कबुलीच तो देतो. चिंता करू नका असे लिहिणाऱ्या माणसालाही चिंता वाटत होती. म्हणून ती मनात आली याचा अर्थ विश्वास गेला, असे समजू नये. आलेल्या चिंतेला कुठे न्यायचे, एवढेच आपल्याला शिकायचे आहे.

आधी देहाकडे पाहा

फिलिप्पैच्या पत्राकडे वळण्याआधी जुन्या करारातल्या एलीयाला भेटू या. राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मरण दे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. त्याने खाल्ले, प्यायले आणि तो पुन्हा झोपला. हे दोनदा घडले. मग तो चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरावर पोहोचला आणि तिथे देव त्याच्याशी बोलला.

उपाशी, थकलेला, रात्रभर जागलेला देह प्रत्येक भीती मोठी करून दाखवतो. चिंतेच्या दिवसांत वेळेवर जेवणे, रात्री मोबाइल दूर ठेवून झोपणे, संध्याकाळी थोडे चालून येणे या गोष्टी भक्तीच्या आड येत नाहीत. ज्याने देह घडवला त्याच्यावरच्या भरवशाचा हाही एक भाग आहे.

पहिली पायरी: तो जवळ आहे, याची आठवण

‘चिंता करू नका’ हे शब्द घरोघरी पाठ असतात. त्यांच्या लगेच आधी पौल काय सांगतो ते मात्र राहून जाते. प्रभू जवळ आहे, असे तो सांगतो आणि मगच चिंतेकडे वळतो. ‘घाबरू नकोस’ असे लांबून ओरडून सांगितले तर लेकराची भीती जात नाही. आई शेजारी येऊन बसली, की तेच शब्द खरे वाटू लागतात.

म्हणून प्रार्थनेची सुरुवात मागणीने करू नये. मिनिटभर गप्प बसावे, श्वास सावकाश होऊ द्यावा आणि एवढेच म्हणावे: प्रभू, तू इथे आहेस. मनाला तसे जाणवले नाही तरी म्हणावे. त्याची उपस्थिती आपल्या जाणिवेवर अवलंबून नाही.

याच्याही आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन भगिनींना एकमनाने राहण्याची विनंती करतो. तुटलेली नाती चिंतेला खतपाणी घालतात, हे आपण घरात पाहतोच. एखादा फोन करायचा राहिला असेल, क्षमा मागायची राहिली असेल, तर ती प्रार्थनेच्या वाटेतली पहिली धोंड समजावी.

दुसरी पायरी: नाव घेऊन मागणे

पुढे पौल सांगतो की प्रत्येक बाबतीत आपली मागणी देवाला कळवावी. देवाला सगळे आधीच ठाऊक असते, मग कळवायचे कशाला? कारण मनात घोळणाऱ्या चिंतेला शेंडा-बुडखा नसतो. समजा, सोमवारी बायॉप्सी झाली आहे आणि रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे. मन म्हणते, ‘काय होईल कुणास ठाऊक.’ या वाक्याला शेवट नाही, ते रात्रभर चालू शकते. प्रार्थनेत तेच उलगडून बोलावे लागते: प्रभू, गाठ कर्करोगाची निघेल याची मला भीती वाटते. उपचाराचा खर्च कसा झेपेल याची भीती वाटते. मुलीची बारावी आहे, तिला काय सांगू कळत नाही. गाठ साधी निघू दे, ही माझी मागणी आहे.

एका धुक्याच्या आता तीन भीती झाल्या आणि एक मागणी झाली. प्रत्येकीला नाव मिळाले. आपण आपल्याशीच बोलत होतो, ते आता ऐकणाऱ्याशी बोलू लागलो. विलापाची स्तोत्रे हेच शिकवतात. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद ‘किती काळ’ असे चार वेळा विचारतो, पुढच्या दोनांत स्पष्ट मागतो आणि शेवटच्या दोनांत भरवसा व्यक्त करतो. मधल्या काळात शत्रू पळाला, संकट टळले, असे काहीही सांगितलेले नाही. दावीदाने आपली तक्रार न सजवता देवासमोर मांडली आणि त्या मांडण्यातून त्याला भरवशाची वाट सापडली.

देवापुढे शहाण्यासारखे, गोड बोलावे लागते असे अनेकांना वाटते. स्तोत्रकारांना तसे वाटत नव्हते. प्रार्थनेत शब्द सापडत नसतील तर कागदावर लिहावे. तेही नाही जमले, तर एखादे विलापाचे स्तोत्र मोठ्याने वाचून त्यालाच आपली प्रार्थना करावे.

तिसरी पायरी: उत्तर येण्याआधी आभार

पौल मागणी आणि उपकारस्तुती एकाच वाक्यात ठेवतो. उत्तर मिळाल्यावर आभार मानायचे, असे तो म्हणत नाही. मागतानाच मानायचे.

गाठीबद्दल आभार माना, असा याचा अर्थ नाही. चिंतेत माणसाची नजर एकाच ठिकाणी खिळते आणि आजवरचा सगळा प्रवास दिसेनासा होतो. सत्याहत्तराव्या स्तोत्रातला भक्त असाच आहे. त्याला झोप नाही, बोलवत नाही, देव आपल्याला विसरला का असे तो विचारतो. मग स्तोत्राच्या मध्यावर तो ठरवतो की देवाची पूर्वीची कृत्ये मी आठवीन, आणि शेवटी समुद्रातून निघालेल्या वाटेपर्यंत पोहोचतो. प्रश्नाचे उत्तर त्याला मिळत नाही. पण ज्याला प्रश्न विचारला, तो कोण आहे हे पुन्हा आठवते.

आपणही तसेच करावे. मागच्या वेळी पैशाची सोय कशी झाली, ऑपरेशनच्या दिवशी कोण धावून आले, हे नावानिशी आठवावे. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून मोकळे होऊ नये. बारीकसारीक आठवणींतच भरवशाला धरायला काहीतरी मिळते.

चौथी पायरी: आजचा वाटा वेगळा काढणे

डोंगरावरील प्रवचनात येशू आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवतो आणि उद्याची चिंता उद्यावर ठेवायला सांगतो. उद्या सगळे छान होईल, असे तो म्हणत नाही. रोजचा त्रास रोजला पुरेसा असतो, हे तो मान्य करतो. त्याच अध्यायात त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतही एका दिवसाच्याच भाकरीची मागणी आहे. रानात इस्राएल लोकांना मान्नाही रोजच्या रोज मिळत असे. शब्बाथाची तरतूद सोडली, तर साठवून ठेवलेल्या मान्नाला किडे पडत.

बायॉप्सीच्या उदाहरणात मंगळवारच्या वाट्याला काय येते? डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवणे, विम्याचे कागद शोधणे, स्वयंपाक, मुलीशी चार शब्द. रिपोर्टमधला निकाल मंगळवारच्या वाट्याला नाही. आजचे काम हातात घ्यावे आणि उरलेले त्या दिवसापुरते नाव घेऊन देवाच्या हाती द्यावे. ते रात्री पुन्हा मनात आले तर पुन्हा द्यावे. दहा वेळा द्यावे लागले, म्हणून पहिल्या नऊ वेळा वाया गेल्या असे नाही.

हातावर हात ठेवून बसणे म्हणजे भरवसा नव्हे, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात महाराष्ट्राने पाहिले आहे. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी त्यांच्या कामासाठी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत सरत आली होती, तेव्हाच १८९६-९७चा दुष्काळ पडला. इंग्लंडमध्ये प्रार्थनेच्या बळावर अनाथगृहे चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला ‘मुक्ती’ नावाची त्यांची वसाहत उभी राहिली. तिथे प्रार्थना होत होती, विहिरीही खणल्या जात होत्या, मळा पिकत होता, मुली कामधंदा शिकत होत्या. उद्याचे धान्य कुठून येईल हा प्रश्न रमाबाईंनी देवापुढे ठेवला, आणि आजची कुदळ खाली ठेवली नाही.

पाचवी पायरी: मनाला खाद्य देणे

अशा प्रार्थनेनंतर देवाची शांती आपल्या अंतःकरणावर आणि विचारांवर पहारा ठेवील, असे पौल लिहितो. पहारेकरी काय असतो हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. मात्र पहारा बसला म्हणून विचारांना मोकळे रान मिळत नाही. लगेच पुढे जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध आहे त्याचे मनन करा, असे तो सांगतो.

या यादीत सत्य पहिले आहे, आणि चिंता जगते ती तर्कांवर. ‘डॉक्टर गंभीर दिसले, म्हणजे नक्की काहीतरी असणार’ हा तर्क झाला. ‘रिपोर्ट अजून आलेला नाही’ हे सत्य झाले. प्रत्येक विचाराला विचारावे: तू खरा आहेस, की मी रचलेला आहेस? इंटरनेटवर आजारांची लक्षणे शोधत बसण्याऐवजी एखादे वचन दिवसभर सोबत ठेवावे, एखादे गीत गुणगुणावे. मनाला रिकामे राहता येत नाही. त्याला काय द्यायचे ते आपण ठरवायचे असते.

हे एकट्याने करायचे नाही

पौलाचे पत्र एका मंडळीला लिहिलेले आहे, आणि त्यातले ‘तुम्ही’ अनेकांसाठी आहे. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष येशूनेही पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेतले, आपला जीव दुःखाने व्याकूळ झाल्याचे सांगितले आणि जागे राहायला विनवले. ज्याला प्रभूने कमीपणा मानला नाही, त्यात आपण कमीपणा का मानावा? भरवशाच्या एखाद्या माणसाला स्पष्ट सांगावे: शुक्रवारी रिपोर्ट आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा आणि शक्य असेल तर सोबत चला. ऐकणाऱ्याने ते चार घरी सांगू नये आणि उपदेशाची घाई करू नये.

दुःखाचा प्याला टळू दे, ही एकच मागणी त्याच रात्री येशूने तीनदा केली. प्याला टळला नाही. देवावर सोपवले म्हणजे मनासारखेच होईल, असे वचन शास्त्र देत नाही. निकाल काहीही लागो, तो पिता आहे आणि सोडून जाणार नाही, हे वचन देते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलासा नसलेली प्रार्थनाही शास्त्रात जपून ठेवलेली आहे. शांती आज जाणवली नाही, तरी तुमची प्रार्थना ऐकली गेली आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे

चिंता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, अचानक श्वास कोंडत असेल, काम जमत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नको वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता. रक्तदाबाची गोळी घेताना आपला विश्वास कमी होत नाही, तसाच मनाची गोळी घेतानाही होत नाही. प्रार्थना केली आता औषध बंद कर, असे कुणी सांगितले तर ऐकू नये.

सराव

चौथ्या अध्यायातच थोडे पुढे पौल सांगतो की कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. त्याला हे जन्मतः मिळाले नव्हते, एका रात्रीतही आले नव्हते. टंचाईत आणि विपुलतेत, पोट भरलेले असताना आणि उपाशी असताना तो ते शिकत गेला.

म्हणून आज सगळ्या पायऱ्या चढायची घाई नको. जेवून घ्या. एका भीतीचे नाव घ्या आणि ती प्रभूला सांगा. त्याने पूर्वी केलेली एक गोष्ट आठवून आभार माना. उद्या सकाळचे एक काम ठरवा आणि झोपा. उद्या चिंता पुन्हा येईल, तेव्हा हेच पुन्हा करा. तुम्ही शिकत आहात, आणि शिकवणारा धीराचा आहे.